रुमाल टाकून धरलेली जागा



पत्रिकेत आजचा विषय ‘स्मार्टफोनवरचं मल्टिटास्किंग’ असा छापलाय, आणि समोर बघतो तर तीन-चार पालक मुलांना हाताला धरून घेऊन आलेले दिसतायत. (हशा) तुमची थोडी निराशा होणार आहे. हल्लीच्या मुलांचं लक्ष कसं लागत नाही, एक धड करत नाहीत, यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. मला आज समीक्षा करायची आहे, आणि तीही माणसांची नाही, एका पडद्याची.

आपण नाटकाची समीक्षा करतो, कादंबरीची करतो, कधीमधी एखाद्या नव्या पुलाचीसुद्धा करतो. पण जी गोष्ट आपण दिवसातून कितीतरी वेळा बघतो तिच्याबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नाही. मी म्हणतोय तो पडदा तुम्हाला माहीत आहे. बोट खालून वर सरकवून क्षणभर थांबवायचं, किंवा जुन्या फोनवर चौकोनी बटण दाबायचं. मग उघडलेल्या ॲप्सची पानं पत्त्यांसारखी ओळीनं समोर येतात. व्हॉट्सॲप, त्याच्यामागे बँक, त्याच्यामागे नकाशा, त्याच्यामागे सकाळी उघडून ठेवलेला पंचांगाचा कुठलातरी प्रकार. त्यातलं एक निवडायचं की तुम्ही तिथे पोचलात. ॲण्ड्रॉइडवाले याला ‘रिसेंट्स’ म्हणतात, आयफोनवाले ‘ॲप स्विचर’. हा पडदा आपल्याला काय सांगतो आणि ते खरं असतं का, एवढंच मला तपासायचंय.

त्यासाठी एक साधं काम घेऊ. शिष्यवृत्तीचा अर्ज. घरात लॅपटॉप नाही, फोनच आहे. ब्राउझरमध्ये अर्ज उघडला. नाव, पत्ता, जात प्रमाणपत्राचा क्रमांक, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं बोटांनी टाईप केलं. मग बँकेचा आयएफएससी कोड विचारला. पासबुकाचा फोटो गॅलरीत आहे, म्हणून गॅलरीत गेलात. अकरा अक्षरं. निम्मी लक्षात ठेवून परत आलात, उरलेल्यासाठी पुन्हा गेलात. मग उत्पन्नाचा दाखला जोडा म्हणाला. तो व्हॉट्सॲपवर काकांनी पाठवलेला. तो जोडायला गेलात तर फाईल मोठी आहे, लहान करा. ती लहान करायला आणखी एक ॲप, त्यात जाहिराती, जाहिरातीची फुली शोधण्यात गेलेला वेळ. आणि शेवटी मोबाईल नंबर पडताळणीचा ओटीपी मेसेजमध्ये. तो बघून परत आलात, तर पान पांढरं. मग गोल गोल फिरणारं चक्र. मग पहिल्या ओळीपासून कोरा अर्ज.

बघा, तुमच्यातले निम्मे लोक मान हलवतायत.

किती ॲप्स झाली? ब्राउझर, गॅलरी, व्हॉट्सॲप, फाईल लहान करणारं, मेसेज. पाच. आणि कामं किती होती? एक. याला ‘मल्टिटास्किंग’ म्हणजे एका वेळी अनेक कामं असं म्हणणं हीच पहिली गडबड आहे. इथे एकच काम पाच दुकानांत वाटून ठेवलंय, आणि एका दुकानातून दुसऱ्या दुकानात चिठ्ठी घेऊन पळणारा पोऱ्या म्हणजे आपण.

हा शब्द मुळात माणसांसाठी नव्हताच. तो यंत्रांच्या जगातला, १९६०च्या दशकातला. तेव्हाचा संगणक म्हणजे खोली भरेल एवढा आणि भयंकर महाग. एक कार्यक्रम टेप फिरायची वाट बघत बसला की एवढं महागडं यंत्र रिकामं. म्हणून त्या वेळात दुसरा कार्यक्रम चालवायची युक्ती निघाली. आता यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. एका कार्यक्रमावरून दुसऱ्यावर जाण्याआधी यंत्र पहिल्याची सगळी स्थिती लिहून ठेवतं. कुठल्या सूचनेवर होतो, हातात कुठले आकडे होते, सगळं. परत आल्यावर ते जसंच्या तसं मांडून देतं. त्या कार्यक्रमाला मध्ये आपल्याला बाजूला काढलं होतं याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे या शब्दाच्या जन्मापासून त्याच्या पोटात एक वचन आहे: तू उठून गेलास तरी तुझं ताट तसंच राहील.

माणसाला हे येत नाही. आर्थर जेर्सिल्ड यांनी १९२७मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं की दोन प्रकारच्या कामांमध्ये आलटून पालटून जावं लागलं की वेळ जास्त लागतो. २००९मध्ये सोफी लेरॉय यांनी त्याला जोड दिली: पहिलं काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो. पातेल्याच्या तळाला पीठ चिकटून राहावं तसं. हे संशोधन पालकसभांमध्ये वरचेवर सांगितलं जातं. मला त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्यातून काढला जाणारा निष्कर्ष नेहमी वापरणाऱ्याच्या अंगावर येतो: तू चंचल आहेस. अर्ज भरणारी ती मुलगी चंचल नव्हती हो. तिला आयएफएससी कोड बघायला जावंच लागलं.

आपल्याकडे अष्टावधानी म्हटलं की कौतुक असतं. तेलुगू आणि कन्नड प्रदेशात अवधानाचे प्रयोग आजही होतात. आठ पृच्छक बसतात, प्रत्येकाचं कोडं वेगळं, आणि अवधानी फेरीफेरीनं प्रत्येकाच्या श्लोकाची एकेक ओळ रचत जातो. शेवटी सगळे श्लोक सलग म्हणून दाखवतो. त्या आठांत एकाचं काम केवळ व्यत्यय आणण्याचं असतं, त्याला ‘अप्रस्तुतप्रसंग’ असंच नाव आहे. तो मध्येच काहीतरी भलतंच विचारतो. म्हणजे नोटिफिकेशनच. (हशा) पण तो अवधानी वर्षानुवर्षं साधना करून तिथे बसलेला असतो, आणि समोरचे श्रोते त्याची स्मरणशक्ती बघायलाच आलेले असतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाला अवधानी लागू नये, एवढी माझी माफक अपेक्षा आहे.

आता मूळ पडद्याकडे येतो. समोर जी पत्त्यांसारखी पानं दिसतात ती काय आहेत? तुम्ही ॲपमधून बाहेर पडता त्या क्षणी फोन त्या पानाचा एक फोटो काढून ठेवतो. आयफोनही काढतो, ॲण्ड्रॉइडही काढतो. पडद्यावर दिसतात ते हे फोटो. तुम्ही परत जाता तेव्हा आधी तो फोटोच पुढे करतात आणि मागे ॲप जागं करतात. बहुतेक वेळा हे इतकं झटकन होतं की कळत नाही. पण मधल्या काळात फोनला मेमरी कमी पडली, तर फोन मागची ॲप्स एकेक करून बंद करतो. जे समोर आहे ते शेवटी, जे बऱ्याच वेळापासून मागे पडून आहे ते आधी. हे गुपचूप होतं. आणि फोटो मात्र पडद्यावर तसाच राहतो.

आपल्या घरांत भिंतीवर फोटो असतात. त्यातल्या गेलेल्या माणसाच्या फोटोला हार असतो, पाहुण्याला न सांगता कळतं. या पडद्यावर जिवंत आणि गेलेली ॲप्स एकाच ओळीत टांगलेली आहेत आणि हार कुणालाच नाही. तुमचा अर्ज भरलेला दिसतो, अगदी तुम्ही टाईप केलेलं नावसुद्धा दिसतं. बोट लावेपर्यंत कळत नाही की मागे कुणी नाही. एखाद्या चित्रकारानं हे केलं असतं तर आपण कल्पकता म्हटलं असतं. कामाच्या पडद्यानं केलं तर त्याला खोटं बोलणं म्हणतात.

एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. त्या रुमालाला काही कायदेशीर किंमत नाही, पण सगळे तो मानतात, म्हणून तो चालतो. फोनवरचा फोटो हा असाच रुमाल आहे. फरक एवढाच की इथे जागा गेली तरी रुमाल तिथेच ठेवतात.

यावर अभियंत्यांचं उत्तर असतं, आणि ते ऐकून घेतलं पाहिजे. फोनमध्ये मेमरी मोजकी. संगणकावर मेमरी भरली की जास्तीचा माल डिस्कवर हलवतात. फोनमध्ये तसं सर्रास केलं तर आतली साठवण झिजते, वेगही जातो, बॅटरी खाल्ली जाते. म्हणून मोबाईलची रचना करणाऱ्यांनी ठरवलं की इथे ॲप हे कधीही मरू शकतं असं धरूनच चालायचं. ॲण्ड्रॉइडमध्ये तर हे उघड लिहिलेलं तत्त्व आहे. फोन ॲपला बाहेर जाताना विचारतो: काही जपून ठेवायचंय का? लहानशी पुरचुंडी बांधून दे, परत आलास की तुझ्या हातात देतो. ज्या प्रोग्रॅमरनं ही पुरचुंडी नीट बांधली त्याचं ॲप मरून पुन्हा उठलं तरी तुम्हाला कळत नाही. ज्यानं नाही बांधली त्याचं ॲप कोरं उठतं. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे, किंबहुना हुशारीचं वाटतं. पण याचा अर्थ असा झाला की वचन दिलं फोननं आणि पाळायचं कुणी, तर हजारो वेगवेगळ्या ॲप बनवणाऱ्यांनी, आपापल्या मर्जीप्रमाणे.

हे असंच असायला हवं होतं का? जुन्या गोष्टी आठवून बघू. नोकियाचे सिंबियनवाले फोन ज्यांनी वापरलेत त्यांना आठवेल, मेनूचं बटण दाबून धरलं की चालू असलेल्या प्रोग्रॅमची चित्रं यायची. दिसायला ओबडधोबड. पण यादीत आहे म्हणजे चालू आहे. आणि मेमरी संपली की फोन सरळ सांगायचा, मेमरी भरली, काहीतरी बंद करा. त्रासदायक होतं, मान्य. पण निर्णय तुमच्या हातात होता आणि बातमी खरी होती.

मग २००७मध्ये आयफोन आला. २००८मध्ये त्यावर बाहेरची ॲप्स आली, आणि नियम असा की होमचं बटण दाबलं की ॲप संपलं. गाणं मात्र मागे वाजत राहायचं, कारण ते ॲपलचं स्वतःचं. कॉपी-पेस्टसुद्धा नव्हतं, ते २००९मध्ये आलं. आज हे ऐकून हसू येतं, पण त्यात एक सरळपणा होता. बाहेर पडलात म्हणजे बाहेर पडलात. त्यामुळे चांगल्या ॲप्सना सगळं आधीच जपून ठेवायची सवय लागली.

२००९मध्येच पामनं ‘प्री’ नावाचा फोन काढला, त्यातली वेबओएस ही या सगळ्या कथेतली सर्वांत देखणी रचना, असं माझं मत आहे. उघडी ॲप्स पत्त्यांसारखी, बोटानं सरकवायची, नको असलेलं वर भिरकावून द्यायचं. आज तुमच्या-माझ्या फोनवर आहे ते सगळं तिथून आलंय. त्या रचनेमागचे मतियास दुआर्ते पुढे गूगलमध्ये गेले आणि ॲण्ड्रॉइडचं रूप त्यांच्या देखरेखीखाली बदललं. पण पामचे पत्ते जिवंत होते. पत्त्यात दिसतंय ते खरोखर मागे चालू होतं. बाकीच्यांनी पत्त्यांचा देखणेपणा घेतला आणि आतला जीव सोडून दिला. पाम कंपनी २०१०मध्ये एचपीनं विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ते फोन बंद झाले. बाजारात कोण टिकलं यावरून रचना कुणाची चांगली हे ठरत नाही, हे समीक्षकांना सांगायला नकोच.

२०१०च्या आयओएस ४ बद्दल मात्र एक चांगली गोष्ट सांगतो. ॲपलनं मल्टिटास्किंग आणलं म्हणून गाजावाजा केला, पण आतल्या सुविधेला नाव दिलं होतं ‘फास्ट ॲप स्विचिंग’. झटपट ॲप बदलणं. हे नाव प्रामाणिक आहे. आणि तेव्हाच एक दुसरी गोष्ट झाली. दोनच वर्षं जुन्या आयफोन थ्रीजीवर आयओएस ४ चालायचं, पण ही सोय त्यात दिली नाही. त्यात मेमरी १२८ एमबी होती, पुढच्या मॉडेलमध्ये २५६. म्हणजे परत आल्यावर जागा मिळणार की नाही हे तुम्ही किती पैसे मोजलेत यावर ठरणार, ही रीत पहिल्या दिवसापासूनची आहे.

आणि इथे मला थोडं थांबायचंय, कारण माझ्या मते गाभा हा आहे. ॲप बनवणारा माणूस पुण्यात, बंगळुरूत बसून आठ, बारा जीबी रॅमच्या फोनवर आपलं काम तपासतो. त्याच्या फोनवर मागचं ॲप मरतच नाही. त्याला तो पांढरा पडदा कधी दिसतच नाही. तेच ॲप जेव्हा दोन जीबीच्या फोनवर जातं, तेव्हा एक व्हॉट्सॲप व्हिडिओ उघडला की मागचा अर्ज गेला. गूगलनं स्वस्त फोनांसाठी ‘ॲण्ड्रॉइड गो’ काढलं, त्यालाही १३व्या आवृत्तीपासून किमान दोन जीबी लागतात. म्हणजे दोन जीबी हा आता तळ आहे, आणि त्या तळाशी माणसं आहेत. गंमत अशी, गंमत कसली, की ज्याच्याकडे बारा जीबीचा फोन आहे त्याच्याकडे लॅपटॉपही असतो. तो अर्ज लॅपटॉपवर भरतो. ज्याला सगळंच फोनवर करावं लागतं त्याच्याच फोनला आठवण कमी. मग महा ई-सेवा केंद्रात जाऊन पैसे देऊन अर्ज भरून घ्यावा लागतो, आणि आपण म्हणतो, यांना डिजिटल साक्षरता नाही. तिनं तीनदा भरला होता तो अर्ज.

जेफ रास्किन नावाचा माणूस होऊन गेला. ॲपलमध्ये १९७९मध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प त्यानं सुरू केला. त्याचं ‘द ह्यूमेन इंटरफेस’ हे पुस्तक २०००मध्ये आलं. त्यात त्यानं आसिमॉव्हच्या रोबोंचा पहिला नियम उचलून संगणकाला लावला. भावार्थ असा: यंत्रानं माणसाच्या कामाला इजा करता कामा नये, आणि हातावर हात ठेवून बसून इजा होऊही देता कामा नये. मला समीक्षेसाठी दुसरा निकष लागत नाही. या निकषावर आपला पडदा नापास होतो.

आणि हे तंत्राला जमत नाही असंही नाही. व्हॉट्सॲपवर कुणाला ‘कुठे पोचलास’ एवढं टाईप करा आणि न पाठवता निघून जा. फोन बंद करून चालू करा. ते दोन शब्द ‘ड्राफ्ट’ म्हणून तिथेच असतात. कुठे पोचलास याचं मोल आहे, आणि दीड तास खपून भरलेल्या अर्जाचं नाही? जपून ठेवणं हा तंत्राचा प्रश्न नाही, कुणाचं काय जपावंसं वाटलं याचा आहे. व्हिडिओचं बघा. ॲण्ड्रॉइड ८मध्ये २०१७ला आणि आयफोनवर आयओएस १४मध्ये २०२०ला तरंगता व्हिडिओ आला. तुम्ही कुठेही जा, कोपऱ्यात क्रिकेट चालू राहतं. करमणूक मागे पडू नये याची केवढी ती काळजी. कामासाठी म्हणून पडद्याचे दोन भाग करायची सोय २०१६मध्ये ॲण्ड्रॉइड ७ला आली खरी. एकदा वापरून बघा. वर अर्ज, खाली पासबुकाचा फोटो, आणि टाईप करायला गेलात की कीबोर्ड येऊन उरलेली जागा खातो. शोभेची वस्तू.

बरं, लोक या पडद्याचा मुख्य उपयोग कशासाठी करतात? साफसफाईसाठी. रात्री झोपण्याआधी सगळी पानं वर भिरकावून देतात, देवघर आवरावं तसं. फोन हलका होतो म्हणे, बॅटरी वाचते म्हणे. मार्च २०१६मध्ये एका ग्राहकानं टिम कुक यांना ईमेल करून विचारलं, तुम्ही असं करता का, बॅटरीसाठी हे लागतं का? उत्तर आलं ते सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडरिगी यांचं: दोन्हीचं उत्तर नाही. लगोलग ॲण्ड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही तेच सांगितलं, उलट बंद केलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडण्यातच थोडी जास्त शक्ती जाते. अडकून पडलेलं ॲप काढून टाकायला हे ठीक, रोजच्या झाडलोटीला नाही.

तरी लोक करतात, आणि मला त्यांना हसावंसं वाटत नाही. हा पडदा दिसतोच गर्दीसारखा. फोटो आहेत हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लोकांना ती चालू यंत्रं वाटतात. काही कंपन्यांनी तर तळाशी मोठी फुली देऊन ठेवलीय, दाबली की एवढे एमबी मोकळे झाले असा आकडा दाखवतात. केर काढल्याचं समाधान विकायचं, दुसरं काय. त्या फुलीबरोबर अर्जही जातो.

आता ओटीपीबद्दल. कारण या प्रकरणात पैसे जातात. कार्डानं ऑनलाईन पैसे देताना जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेनं २००९मध्ये सक्तीची केली, आणि चांगलं केलं. पण ओटीपी येतो मेसेजमध्ये आणि लागतो बँकेच्या ॲपमध्ये. म्हणजे सहा आकडे डोक्यात घेऊन एका दारातून बाहेर, दुसऱ्या दारातून आत. त्यात बँकेचं ॲप तुम्ही बाहेर गेलात की संशय घेतं. त्याच्या फोटोच्या जागी बरेचदा कोरा चौकोन दिसतो, तो मुद्दाम, कुणी शिल्लक बघू नये म्हणून. थोडा वेळ लागला तर बाहेरच काढतं. हातातला फोन कुणी हिसकावला तर खातं सुरक्षित राहावं, हा हेतू रास्त आहे. पण मला बाहेर पाठवतंय तेच आणि बाहेर का गेलास म्हणतंय तेच.

हे अभियंत्यांनाही कळलं. गूगलनं २०१७मध्ये ॲपला आपला ओटीपी आपणच वाचता येईल अशी सोय दिली. ॲपलनं २०१८मध्ये आयओएस १२ला आलेला कोड कीबोर्डच्या वर आणून ठेवला. यूपीआयमध्ये दुकानाच्या ॲपमधून थेट पैसे देण्याचं ॲप उघडतं, रक्कम आधीच भरलेली, पैसे गेले की आपोआप परत. माझ्या दृष्टीनं ही गेल्या काही वर्षांतली सर्वांत चांगली रचना आहे, आणि ती काय करते? माणसाला पळवत नाही, चिठ्ठी पोचवते. अशा प्रत्येक सुधारणेत त्या पत्त्यांच्या पडद्याला बगल दिलेली आहे, ही त्याच्यावरची त्याच्या घरच्यांनीच केलेली समीक्षा म्हणा.

पण ज्या वर्षांत आपण पळत होतो त्या वर्षांत एक सवय लागली. घराघरांत आवाज घुमतो, “अगं, ओटीपी आला का बघ!” मुलगा शहरात सायबर कॅफेत, नंबर गावी वडिलांचा. “बाबा, आकडा सांगा.” गॅसवाल्याला कोड सांगायचा, रिक्षावाल्याला सांगायचा, पार्सलवाल्याला सांगायचा, आणि बँकेचा मात्र मरेपर्यंत कुणाला सांगायचा नाही. सगळे येतात एकाच मेसेजच्या खिडकीत, एकसारख्याच अक्षरांत. आता फसवणारा काय करतो? तो तुम्हाला फोन लावतो आणि कट करू देत नाही. फोनवर बोलत राहणं ही एकच गोष्ट अशी आहे जी स्मार्टफोन मागे ठेवूनही कधी मारत नाही. तुम्ही कुठल्याही ॲपमध्ये जा, तो कानात आहेच. “मेसेज उघडा. हां. आता मागे या. हां. आता तो आकडा वाचा.” तुम्हाला त्यात वेगळं काही वाटत नाही, कारण गेली कित्येक वर्षं तुम्ही हेच करत आलात, फक्त सूचना देणारा बदलला. २०२४च्या ॲण्ड्रॉइड १५मध्ये स्क्रीन दुसऱ्याला दाखवत असताना ओटीपी झाकायची व्यवस्था आली. चांगलं आहे, पण वाचून दाखवणाऱ्याला ती कशी अडवणार? ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असं आपण भिंतीभिंतीवर लिहितो. ज्या रचनेनं माणसाला निरोप्या बनवलं तिच्याबद्दल कुठे काही लिहिलेलं मी पाहिलं नाही.

शेवटचा मुद्दा, आणि हा थोडा उपयोगाचा आहे. हे तपासता येतं. ॲण्ड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाऊट फोन’मध्ये ‘बिल्ड नंबर’ असतो. त्यावर सात वेळा टिचकी मारली की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ खुले होतात. त्यात पार खाली ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ असं एक बटण आहे. ते चालू केलं की ॲपमधून बाहेर पडताक्षणी फोन ते पान मोडून टाकतो. मुद्दाम. म्हणजे बारा जीबीचा महागडा फोनसुद्धा या बाबतीत गरीब होतो. मग आपल्या नेहमीच्या ॲपमध्ये जा, अर्धा अर्ज भरा, मेसेजमध्ये डोकावून परत या. कुणी पुरचुंडी बांधली होती आणि कुणी नाही ते दोन मिनिटांत दिसतं. सार्वजनिक पैशातून जे ॲप बनतं, त्याच्या निविदेत एक ओळ असावी: हे बटण चालू ठेवून, दोन जीबीच्या फोनवर, पूर्ण अर्ज भरून दाखवा. आणि अर्ज वेबसाईटवर असेल तर प्रत्येक पानानंतर तो सर्व्हरवर मसुदा म्हणून जपा. खर्चाच्या मानानं हे काहीच नाही. ज्यांच्या हातात निविदा असतात असे एक-दोन लोक आज इथे बसलेत, मी नावं घेत नाही.

आणि हो, घरी जाऊन ते बटण चालू केलंत तर नंतर आठवणीनं बंद करा. नाहीतर फोन बिघडला म्हणून उद्या दुकानात घेऊन जाल आणि तो तुम्हाला नवा विकेल. (हशा) आता प्रश्न घेऊ. मागे कुणीतरी बराच वेळ हात वर करून उभं आहे.